उतारावरचा पट्टा व नव्याची पारख

माळ्यावरून धान्याचें पोतें दोरीनें खालीं सोडण्याचा प्रसंग ज्यांस आला असेल त्यांस आजचा विषय अर्धा ठाऊकच आहे. पोतें वर चढवितांना अंगांतील बळ लागतें, खालीं सोडतांना तें लागत नाहीं, अशी नवख्याची समजूत असते. आणि पहिल्या दोन हातांतच तळवे भाजून निघाले म्हणजे ती फिटते. जड वस्तु उतरूं लागली कीं तिचें वजनच तिला ओढूं लागतें, व आवरणाराच्या हातांत त्या ओढीची उष्णता होते. पोत्याच्या जागीं कोळशाची अखंड धार, दोरीच्या जागीं रबरी पट्टा आणि तळहाताच्या जागीं लोखंडी ब्रेक कल्पिला म्हणजे खाणींतील उतरत्या वाहक पट्ट्याचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. अशा ब्रेकची नवी योजना घेऊन कोणी पेटंट मागावयास आला, तर परीक्षक तिची पारख कशी करितो आणि त्या पारखींत आपणां गृहस्थाश्रमी माणसांचा संबंध कोठें पोंचतो, हें या महिन्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाहक पट्टा ही फार जुनी वस्तु नव्हे. १८९१ च्या सुमारास थॉमस रॉबिन्स या अमेरिकन गृहस्थानें एडिसनच्या खनिज कारखान्यांतील पट्टे लवकर झिजतात हें पाहून त्यांत सुधारणा आरंभिल्या. १९०५ सालीं रिचर्ड सटक्लिफ यानें कोळशाच्या खाणींत जमिनीखालीं चालणारा पट्टा सिद्ध केला. आज खाणकामाचा मोठा भार या पट्ट्यांवर आहे. चिली देशांतील लॉस पेलांब्रेस या तांब्याच्या खाणींतून खनिज डोंगरावरून खालीं आणणारे तीन पट्टे एकापुढें एक असे जोडले आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे १३ किलोमीटर असून उतार सुमारे १३०० मीटरांचा आहे. तेथें पट्टा ओढण्यास वीज खर्चावी लागत नाहीं. उलट उतरणाऱ्या खनिजाच्या भारानें मोटारी फिरतात व वीज निर्माण होते. परंतु जें वजन वीज देतें तेंच वजन मोकळें सुटलें तर काय करील, हा विचार ज्याच्या मनांत येतो तो ब्रेककडे वळतो.

आमच्या जुन्या संवयीप्रमाणें येथें एक उदाहरण सोडवूं. १ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून ताशीं १००० टन कोळसा १०० मीटर खालीं उतरतो असें धरूं. दर सेकंदास सुमारे २७८ किलो कोळसा उतरला, म्हणजे घर्षण वजा न करितां सुमारे २७२ किलोवॅट, अथवा साधारण ३६५ अश्वशक्ति, इतकी ओढ झाली. पट्ट्याची गति सेकंदास ४ मीटर असेल तर कोणत्याही क्षणीं त्यावर सुमारे ६९ टन कोळसा असतो. हा पट्टा एकाएकीं थांबवावयाचा आहे. ५ सेकंदांत थांबविला तर ब्रेकला जी उष्णता गिळावी लागते ती ३० अंशांचें सुमारे ४ लिटर पाणी उकळीस आणील एवढी असते. घाई नको म्हणून २० सेकंदांत थांबविला तर ती कमी होत नाहीं. ती ११ लिटरांस पुरते. कारण हळू थांबतांना कोळसा अधिक अंतर उतरतो, आणि त्या उतरण्याचाहि भार ब्रेकवरच पडतो. ही सारी उष्णता ५० किलोच्या एका लोखंडी चकतींत सांठली तर चकतीचें तापमान सुमारे १४० अंशांनीं चढेल. पट्ट्याचें व रुळांचें स्वतःचें वजन आम्हीं हिशेबांत धरलेलें नाहीं. तत्त्व समजण्यास एवढें पुरे.

म्हणजे एका बाजूस आड व दुसऱ्या बाजूस विहीर. ब्रेक झटक्यानें लागला तर पट्ट्यास हिसका बसतो, कोठें तो ताणला जातो तर कोठें सैल पडतो, आणि कोळसा घसरून सांडतो. ब्रेक संथपणें लागला तर उष्णता वाढते. आणि ब्रेकचे अनेक पदार्थ असे आहेत कीं ते तापले म्हणजे त्यांची पकड ढिली होते. त्यांत आणखी एक अडचण. उतरत्या पट्ट्यास एरवीं मोटार आवरून धरीत असते. वीज गेली कीं तिची ती पकड त्याच क्षणीं सुटते. तेव्हां ज्या घटकेस ब्रेकची खरी गरज, त्याच घटकेस वीज नसते. यासाठीं चांगला ब्रेक विजेनें लागत नाहीं. तो स्प्रिंगच्या जोरानें लागतो व तेलाच्या दाबानें उघडा ठेवलेला असतो. दाब गेला कीं स्प्रिंग आपलें काम करिते.

घर्षणाची ही उष्णता केवढा घात करूं शकते याचा दाखला इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत आहे. २६ सप्टेंबर १९५० रोजीं क्रेसवेल येथील कोळशाच्या खाणींत, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर कोळसा पडतो त्या जागीं, फाटलेला रबरी पट्टा अडकून बसला; घांसून घांसून तापला व पेटला. धूर व विषारी वायु बोगद्यांतून पसरून ८० माणसें मृत्युमुखीं पडलीं. हा अपघात ब्रेकचा नव्हता, पण कारण तेंच, लोखंड व रबर यांच्या घर्षणांतून उठलेली आग. त्यानंतर सहजीं न पेटणारे पट्टे खाणींत वापरण्यावर भर देण्यांत आला. या विषयावर लिहितांना तीं ८० माणसें डोळ्यांआड करून चालणार नाहीं.

आतां पेटंटाकडे वळूं. पेटंट म्हणजे सरकारनें केलेला एक करार आहे. शोधकानें आपली युक्ति उघड करून सांगावी, कांहीं हातचें राखूं नये. त्याबद्दल सरकार त्याला ठराविक मुदतीपर्यंत, हल्लीं अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें, त्या युक्तीचा एकट्याचा हक्क देईल. मुदत संपल्यावर ती सर्वांची. हिंदुस्थानांत असा कायदा प्रथम १८५६ सालीं झाला, आणि त्याखालीं कलकत्त्याच्या जॉर्ज डी पेनिंग या इंजिनियरानें पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं हक्क मागितला. सध्यांचा कायदा १९७० सालचा असून २००५ सालीं त्यांत महत्त्वाचे बदल झाले. कलकत्ता, दिल्ली, मद्रास व मुंबई, ज्यांतील तीन शहरांचीं नांवें आतां बदललीं आहेत, अशा चार ठिकाणीं त्याच्या कचेऱ्या आहेत. महाराष्ट्रांतील अर्जदाराचें काम मुंबईच्या कचेरींत चालतें.

अर्जाचा जीव त्याच्या शेवटीं दिलेल्या दाव्यांत असतो. दावा म्हणजे “माझ्या शोधाची सीमा ही” असें सांगणारें वाक्य. ज्यांनीं तर्कसंग्रह व त्यावरील दीपिका वाचली आहे त्यांस या वाक्याची जात लगेच ओळखेल. तें लक्षण आहे. लक्षणास तीन दोष संभवतात. गाईचें लक्षण “जिला शिंगें ती” असें केलें तर म्हैसहि त्यांत शिरते, ही अतिव्याप्ति. “जी कपिल रंगाची ती” असें केलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. “जिचा खूर अखंड ती” असें म्हटलें तर एकहि गाय हातीं लागत नाहीं, हा असंभव. पेटंट मागणाराची सारी कसरत याच तीन दोषांमधून वाट काढण्याची आहे. दावा फार रुंद केला तर जुनी वस्तु त्यांत सांपडते व तो बाद होतो. फार अरुंद केला तर शेजारचा कारखानदार एखादा खिळा बदलून निसटतो. आणि युक्ति लिहिल्याप्रमाणें चालतच नसेल तर बाकी सर्व व्यर्थ. परीक्षकाचें आसन येथें पूर्वपक्षाचें असतें. त्याचें काम शोधकाचा द्वेष करण्याचें नव्हे, तर सिद्धांत टिकावा म्हणून आधीं त्यावर सर्व आक्षेप घेण्याचें.

एक काल्पनिक अर्ज घेऊन हें पाहूं. अर्जदाराचा पहिला दावा असा: “वीज गेल्याबरोबर स्प्रिंगनें आपोआप लागणारा, उतरत्या पट्ट्याचा ब्रेक.” परीक्षक जुने ग्रंथ व जुनीं पेटंटें धुंडाळतो. जॉर्ज वेस्टिंगहाऊसनें १८७२ सालीं आगगाडीसाठीं काढलेल्या ब्रेकांत हवेचा दाब गेला कीं ब्रेक लागतो, म्हणजे साधन तुटलें तर गाडी सुटत नाहीं, थांबते. स्प्रिंगनें लागणारे व दाबानें उघडणारे ब्रेकहि यंत्रविद्येंत रुळलेले आहेत. मग पट्ट्यास तेंच लाविल्यानें नवें काय झालें? ही अतिव्याप्ति. दुसऱ्या दाव्यांत अर्जदार म्हणतो, “माझा ब्रेक फिरत्या चकतीस दोहों बाजूंनीं चिमटतो.” फ्रेडरिक लँचेस्टर यानें मोटारगाडीसाठीं चकतीच्या ब्रेकचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें. तिसऱ्या दाव्यांत ब्रेकच्या शेजारीं धोक्याची घंटा जोडली आहे. कायद्याच्या तिसऱ्या कलमांत स्पष्ट आहे कीं, ठाऊक असलेलीं साधनें नुसतीं शेजारीं शेजारीं मांडलीं, व प्रत्येक आपापलें पूर्वीचेंच काम वेगळेपणें करीत राहिलें, तर तो शोध नव्हे. घंटा वाजते, ब्रेक लागतो. दोघांनीं मिळून तिसरें कांहीं साधलें नाहीं.

चौथ्या दाव्यांत मात्र परीक्षक थबकतो. तेथें म्हटलें आहे कीं, पट्ट्याच्याच फिरण्यानें चालणारी एक झडप तेलाचा दाब अशा बेतानें सोडते कीं, पट्टा भरलेला असो अथवा अर्धा रिकामा, त्याची गति सारख्याच प्रमाणांत उतरत जाते. आणि यास बाहेरची वीज मुळींच लागत नाहीं. समजा, शोध करूनहि असें पूर्वीं कोणीं केल्याचें आढळलें नाहीं. तरी प्रश्न उरतोच. या विद्येंतील जाणत्या कारागिराला, जुन्या दोन वस्तु समोर ठेवल्या असतां, ही तिसरी सहज सुचली असती काय? सुचली असती तर ती नवी असूनहि शोध नव्हे.

या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ सालचा एक निकाल प्रसिद्ध आहे, आणि तो आमच्या वाचकभगिनींच्या ओळखीच्या वस्तूबद्दल आहे. मिर्झापूरच्या भांड्यांच्या एका कारखान्यानें, भांडें कांततांना तें लेथवर पक्कें धरण्याच्या युक्तीचें पेटंट मिळविलें होतें. दुसऱ्या कारखान्यानें तीच पद्धत वापरली म्हणून वाद उभा राहिला. न्यायालयानें ठरविलें कीं, कारखान्यांत काम करतांना कुशल माणूस जी सुधारणा सहज करील तेवढ्यास शोध म्हणतां येत नाहीं. पेटंटास त्याहून अधिक कांहीं पाहिजे. तें पेटंट रद्द झालें. मिर्झापूरच्या भांड्यास लाविलेली हीच कसोटी खाणींतील ब्रेकला लागते.

आमच्या अर्जदारानें ही कसोटी उतरली तरी शेवटचा घाट राहतोच. परीक्षक विचारतो, “तुमची झडप हें साधते कशी?” अर्जदार पुष्कळदां झडपेचें बाहेरील रूप रंगवितो व आंतील मर्म झांकून ठेवतो, न जाणो, मुदतीनंतरहि गुपित आपल्याच हातीं राहील! कायदा हें चालूं देत नाहीं. विद्येंतील जाणत्या माणसाला विवरण वाचून तें यंत्र बांधतां आलें पाहिजे, व अर्जदारास ठाऊक असलेली सर्वांत चांगली रीत त्यांत सांगितली पाहिजे. जो शिकवीत नाहीं त्याला दक्षिणा नाहीं.

हें सर्व बंद दाराआड चालत नाहीं हें विशेष. अर्ज साधारणपणें १८ महिन्यांनीं प्रसिद्ध होतो. परीक्षेची मागणी वेगळी करावी लागते; २०२४ सालच्या नियमांप्रमाणें तिला ३१ महिन्यांची मुदत आहे. परीक्षकाचा आक्षेपपत्र आला कीं सहा महिन्यांत उत्तर द्यावें लागतें, आणि निर्णय नियंत्रकाच्या हातीं असतो. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीहि मनुष्य, त्याचा धंद्याशीं संबंध असो वा नसो, लेखी हरकत घेऊं शकतो. खाणींतील एखादा फोरमन “हा ब्रेक आमच्याकडे पूर्वींपासून वापरांत आहे” असें पुराव्यानिशीं दाखवूं शकला तर त्याचा कागद मोठ्या कंपनीच्या वकिलाइतकाच वाचला जाईल.

येथें एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. जाहिरातींत “पेटंट मिळालेलें” असें छापलेलें पाहून लोक समजतात कीं सरकारनें ती वस्तु निर्धोक ठरविली. तसें नाहीं. परीक्षक कागद तपासतो, पट्टा चालवून पाहत नाहीं. इतकेंच नव्हे, तर परीक्षा झाली म्हणून पेटंट निर्दोष आहे अशी हमी सरकार देत नाहीं, असें कायद्यांतच लिहिलें आहे. खाणींत कोणतें साधन वापरावें हें पाहण्याचें काम धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाचें आहे. नवेपणा एका कचेरींत व निर्धोकपणा दुसऱ्या कचेरींत तपासला जातो, हें ध्यानांत ठेवावें.

आतां मुख्य प्रश्न. प्राण वाचविणाऱ्या युक्तीवर मक्ता असावा काय? हम्फ्री डेव्ही यानें १८१५ सालीं खाणींतील स्फोट टाळणारा दिवा केला व त्याचें पेटंट घेण्याचें नाकारिलें. त्याचें औदार्य वंद्य आहे. परंतु डेव्हीस मान, पद व चरितार्थ हीं होतीं. ज्या कारागिरानें दहा वर्षें घर खर्चीं घालून एक झडप सिद्ध केली, त्यानें ती फुकट द्यावी असें सांगणारे आम्ही कोण? त्याला मोबदला नसेल तर तो ती झडप लपवून ठेवील, आणि गुपितापासून दुसऱ्या खाणींतील मजुराचें रक्षण होत नाहीं. म्हणून मुदतीचा हक्क द्यावा हें आम्हांस न्याय्य वाटतें. तो हक्क घेऊन कोणी वस्तु अडवून धरूं लागला, अथवा किंमत लोकांच्या आवांक्याबाहेर नेऊं लागला, तर पेटंट मिळाल्यापासून तीन वर्षांनंतर दुसऱ्यास सक्तीचा परवाना मागतां येतो. २०१२ सालीं कर्करोगावरील एका औषधासाठीं असा परवाना दिला गेला, तेव्हां हें कलम नुसतें कागदावरचें नाहीं हें दिसून आलें.

मात्र हा सगळा न्याय एका अटीवर उभा आहे. हक्क खऱ्या नव्यालाच मिळाला पाहिजे. परीक्षकानें कंटाळून अथवा गोड बोलण्यास भुलून पहिला रुंद दावा मान्य केला, तर जो ब्रेक सर्वांचा होता तो एकाचा होतो. मग खाणमालक एक तर फुकटच्या वस्तूबद्दल पैसे मोजतो, किंवा ते वांचविण्यासाठीं कमी प्रतीचा ब्रेक बसवितो. दुसरी गोष्ट घडली तर तिचें मोल पट्ट्याशेजारीं उभा असलेला मजूर देतो. याच्या उलट चौथा खरा दावा परीक्षकानें आळसानें फेटाळला, तर पुढचा शोधक आपली झडप घेऊन कचेरीची पायरीच चढणार नाहीं. दोन्हींकडे नुकसान त्याच मजुराचें. पारख कडक असावी, पण आंधळी नसावी, हें आमचें म्हणणें यासाठींच आहे.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं आज यंत्रविद्या शिकलेलीं मुलें-मुली आहेत. त्यांच्या वडील मंडळींस जातां जातां दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. मुलानें कांहीं नवें केलें असेल तर कौतुकाच्या भरांत तें आधीं छापूं नये, कीं प्रदर्शनांत मांडूं नये. प्रथम अर्ज करावा, कारण जगापुढें उघड झालेली वस्तु, कांहीं थोडे अपवाद सोडल्यास, पुढें कायद्यास नवी दिसत नाहीं. आणि परीक्षकाचा आक्षेपपत्र आला तर त्यास अपमान मानूं नये. त्यांतील प्रत्येक ओळ शांतपणें वाचून, जें आपलें नाहीं तें सोडावें व जें खरोखर आपलें आहे तें स्पष्ट शब्दांत मांडावें. चौथा दावा टिकला तर पहिले तीन गेल्याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं.